लॉनमधली हुमणी: दिवाळीत रडायचं नसेल तर मिरगातच कामाला लागा

गणपती उठले की आपल्याकडं दरवर्षी हेच गाऱ्हाणं. पावसाळाभर हिरवंगार राहिलेलं लॉन भादव्याच्या उन्हात एकदम मधेमधे पिवळं पडायला लागतं, वीतभराचा डाग बघता बघता हात-दोन हात होतो, घरातले म्हणतात पाणी कमी पडायलंय, मग पाईप सोडून ठेवायचा, त्यानं फरक पडंना म्हणून मूठभर युरिया फेकायचा, त्यानंही काही होईना की नर्सरीवाल्याकडून कुठलं तरी औषध आणून मारायचं, आणि एवढं सगळं करून दिवाळीपर्यंत पाव लॉन गेलेलं असतं. मी बोलतोय ते बंगल्यापुढच्या तीनशे-पाचशे फुटाच्या घरगुती लॉनचं, मंगल कार्यालयाच्या लॉन्सचं नाही, त्यांचा माळी वेगळा आणि बजेटही वेगळं.

या दिवसात असं झालं तर पहिला संशय हुमणीवर, म्हणजे भुंगेऱ्याच्या जमिनीतल्या अळीवर घ्या. कुणी हिला उन्नीपण म्हणतं. ऊसवाले, सोयाबीनवाले, हिंगोली-वसमतकडचे हळदवाले हिला चांगलं ओळखून आहेत, शहरात प्लॉट घेऊन लॉन लावलेल्या माणसाला मात्र ती माहीतच नसते कारण ती कधी वर दिसतच नाही. जमिनीत बसून मुळं खाते. आणि खरी गोम पुढंच आहे, गवत वाळलेलं दिसतं तोवर अळी चांगली बोटाएवढी जाड झालेली असते आणि त्या वेळी मारलेल्या औषधाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. हिला मारायची वेळ जून-जुलै आहे, जेव्हा लॉन एकदम झकास दिसत असतं आणि कुणाच्या डोक्यातही औषधाचा विचार नसतो.

पण आधी हुमणीच आहे का ते बघा, उगाच औषध ओतू नका.

खणून बघा, दहा मिनिटाचं काम आहे

डागाच्या अगदी मधोमध खणू नका. तिथलं गवत मेलेलं असतं आणि अळ्या खायला पुढं सरकलेल्या असतात. जिथं पिवळं संपून हिरवं सुरू होतं त्या कडेला बसा. दोन्ही हातांच्या मुठीत गवत धरून सरळ वर ओढा. चांगलं गवत असलं तर पातं तुटून हातात येतं पण मूळ हलत नाही. हुमणीनं खाल्लेलं असलं तर अख्खा थर सतरंजीसारखा उचलून येतो, खाली मुळं नावाला नसतात आणि माती भुसभुशीत लागते, पाय ठेवला तरी दबल्यासारखं वाटतं.

मग खुरप्यानं एक फूट बाय एक फूट चौकोन आखा, तीन बाजू चार बोटं खोल कापा, चौथी बाजू तशीच ठेवून गवताचा थर मागं उलटा पाडा आणि खालची माती हातानं चाळा. पांढरट, जाडजूड, अर्धगोल वळून पडलेली, तपकिरी डोक्याची, पुढच्या बाजूला सहा पाय असलेली अळी दिसली की समजायचं. शेपटाकडचा भाग काळपट-निळसर दिसतो, ती तिच्या पोटातली मातीच असते. अशा दोन-तीन ठिकाणी खणा, एका खड्ड्यावरून निकाल देऊ नका. बघून झालं की थर परत जागेवर बसवून पाणी द्या, गवत परत धरतं.

एका चौरस फुटात एखादी सापडली तर घाबरायचं काही नाही, निरोगी लॉन तेवढं सहज सोसतं. दोन-तीनच्या वर सापडायला लागल्या तर मी तरी थांबणार नाही. अमेरिकेतल्या सल्ल्यात पाच-दहापर्यंत चालतं म्हणतात पण तिकडच्या बऱ्याच जाती आपल्या हुमणीपेक्षा बारीक आहेत आणि लॉनला पाणी पण तिकडं भरपूर, आपल्याकडं मुळं अर्धी झालेल्या गवतावर ऑक्टोबरचं ऊन पडलं की ते टिकत नाही.

आता एक गंमत सांगतो, ही कुणी सांगत नाही. सापडलेली अळी फरशीवर ठेवा आणि बघत बसा. काही अळ्या चक्क पाठीवर पडतात आणि पाय आभाळाकडं करून पाठीनंच सरपटत जातात. त्या हुमणी नाहीत, त्या कुजक्या पालापाचोळ्यावर आणि शेणखतावर जगणाऱ्या दुसऱ्याच भुंग्याच्या अळ्या आहेत, मुळांना सहसा काही करत नाहीत, उलट खत बारीक करतात. हुमणी मात्र कुशीवर वळून पडते आणि जमलं तर पायानं खरडत पुढं जाते. उकिरड्यात सापडणारी अंगठ्याएवढी अजस्र अळी असते ती गेंडा भुंग्याची, तिचा पण लॉनच्या मुळांशी फारसा संबंध नाही, तिचा भुंगा नारळाला त्रास देतो. तेव्हा पांढरी अळी दिसली की लगेच पंप पाठीला लावायची गरज नाही.

वरून पण काही खुणा मिळतात. साळुंक्या, कावळे, बगळे एकाच जागी सारखे चोच मारत असतील, रात्रीतून डुकरानं किंवा कुत्र्यानं लॉन उकरून ठेवलं असेल, तर तुमच्या आधी त्यांना पत्ता लागलेला आहे.

हुमणी नसेल तर मग काय

खाली काहीच सापडलं नाही तर कारण दुसरं आहे. नवीन प्लॉटिंगमधे सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे बांधकामाचा राडारोडा. कंत्राटदार विटांचे तुकडे, सिमेंटचा माल, चुना सगळं तिथंच पुरतो, वरून सहा इंच लाल माती टाकून लॉन अंथरतो, पावसाळ्यात छान दिसतं आणि ऊन पडलं की बरोबर त्याच जागी डाग. खुरपं चार बोटांवर खटकन वाजलं की समजून जायचं.

वाटोळा छोटा डाग आणि कडेला गडद हिरवं कडं असेल तर कुत्र्याची लघवी. वाळक्या पात्यावर मातीचे पापुद्रे दिसतात, बोटानं खरवडलं की खाली पांढरे किडे, ती वाळवी, आणि ती बहुतेक आधीच वाळलेलं खाते म्हणजे पाण्याचा ताण हे मूळ कारण. पाती कडेनं कुरतडलेली पण मुळं धड असतील तर लष्करी अळीसारखी पानं खाणारी अळी बघा. बादलीभर पाण्यात दोन चमचे भांड्याचा लिक्विड साबण टाकून संध्याकाळी हातभर जागेवर ओता, पाच-दहा मिनिटात अळ्या वर येतात. या साबणपाण्यानं हुमणी वर येत नाही हे लक्षात ठेवा, बरेच जण तिथंच फसतात, काही दिसलं नाही म्हणून लॉन ठीक आहे समजतात.

डिसेंबर-जानेवारीत सगळं लॉन सारखंच मळकं पिवळं झालं तर काहीही करू नका. परभणीकडं पारा पाच-सहावर येतो तेव्हा हरळी किंवा सिलेक्शन नावाच्या लॉनच्या जातीचं गवत झोपतंच, होळीनंतर आपोआप उठतं.

आणि चिंच बग, म्हणजे गवताचा रस ओढणारा एक बारीक किडा. यूट्यूबवर लॉन पिवळं पडलं टाकलं की पहिला व्हिडिओ फ्लोरिडाचा येतो आणि तिथला माणूस चिंच बग दाखवतो, मग आपले लोक औषधाच्या दुकानात जाऊन चिंच बगचं औषध मागतात. तिकडं तो खरोखर मोठा त्रास आहे. सेंट ऑगस्टीन नावाचं रुंद पात्याचं गवत तिकडं घरोघरी असतं आणि हा किडा मुख्यतः त्याच्या बुडाशी बसून रस ओढतो. तीन-चार मिलिमीटरचा काळा किडा, पाठीवर पांढरे पंख एकमेकांवर पडून फुलीसारखी खूण, पिल्लं लालसर-नारिंगी आणि मधे पांढरा पट्टा. वारंवार एकाच गटातली औषधं मारून तिथं ती लागू पडेनाशी झालीत ते वेगळंच. आपल्या कपाशीवर बोंडात जो करडा ढेकूण असतो ना, तो याच्याच भाऊबंदातला. आपली घरगुती लॉनं बहुतेक हरळी, सिलेक्शन नाहीतर कार्पेट गवताची, त्यामुळं पहिला संशय याच्यावर घेण्यात अर्थ नाही.

तरीपण शंका असेल तर बघायची सोपी रीत आहे. तेलाच्या किंवा दुधपावडरच्या डब्याची दोन्ही तोंडं कापा, डागाच्या कडेला दोन-तीन इंच जमिनीत दाबा आणि काठोकाठ पाणी भरा, पाणी मुरलं की परत भरा. दहा मिनिटात रस ओढणारे बारीक किडे पाण्यावर तरंगून येतात. हे किडे कोरड्या, तापलेल्या, भरपूर उन्हाच्या जागी होतात, म्हणजे पेव्हर ब्लॉकच्या आणि कंपाउंडच्या भिंतीच्या कडेला. गोंधळ असा की आपल्या ४२-४३ डिग्रीत ती कड नुसत्या तापानंपण वाळते, म्हणून डबा लावल्याशिवाय ठरवू नका. किडे निघालेच तर वाळका थर काढणं, युरिया बंद करणं, पाणी खोल देणं, आणि संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळून, थोडा साबण घालून गवताच्या बुडापर्यंत पोचेल असा आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा, एवढ्यावर घरगुती लॉनचं काम भागतं.

आता हुमणीकडं येऊ.

हिचं वर्ष कसं चालतं ते समजून घ्या

हे कळलं की उपाय आपोआप कळतात. आपल्याकडं जास्त करून जी हुमणी आहे तिचं शास्त्रीय नाव होलोट्रायकिया सेराटा, वर्षात एकच पिढी होते. मे-जूनमधे वळवाचा किंवा मिरगाचा चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की जमिनीत बसलेले तपकिरी भुंगेरे दिवेलागणीच्या सुमाराला बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर असल्या झाडांवर जमतात, तिथंच जोड्या लागतात, रातभर पाला खातात आणि उजाडायच्या आत परत जमिनीत. मादी ओलसर मातीत तीन-चार इंच खोल अंडी घालते. दोन आठवड्यांच्या आसपास अंडी फुटतात. सुरुवातीची अळी बारीक असते, कुजलेला पालापाचोळा आणि कोवळी बारीक मुळं खाते, तेव्हा लॉनवर काहीच दिसत नाही. ऑगस्टपासून ती मोठी होते, तिसऱ्या अवस्थेत तिची भूक प्रचंड वाढते, आणि नेमकं तेव्हाच पाऊस ओढ देतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात डाग पडतात. नोव्हेंबरच्या पुढं बहुतेक अळ्या खोल जाऊन कोष करतात, कोषातून भुंगेरा तयार होतो पण तो बाहेर येत नाही, जमिनीतच पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतो.

म्हणजे डिसेंबरात औषध ओतणं म्हणजे पैसे ओतणं. आणि ज्या बंगल्यासमोर मोठा कडुनिंब, अंगणात रात्रभर पांढरा फ्लडलाईट आणि खाली ओलंचिंब लॉन, तिथं हुमणी नाही झाली तरच नवल.

मिरगातले आठ-दहा दिवस

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक काम हेच आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पहिला दणदणीत पाऊस झाला की त्या संध्याकाळपासून रोज साडेसात-आठच्या सुमाराला गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन टॉर्च मारा. भुंगेरे फांद्यांवर बसलेले दिसतात, उडताना घूं घूं आवाज येतो, पानांवर अर्धगोल कुरतडल्याच्या खुणा असतात. खाली ताडपत्री किंवा जुनी चादर पसरा, वेळूच्या काठीला आकडा बांधून फांदी जोरात हलवा, भुंगेरे पटापट खाली पडतात आणि पडल्या पडल्या थोडा वेळ निपचित राहतात, तेवढ्यात गोळा करून साबणपाण्याच्या बादलीत टाका. पूर्वी रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका म्हणायचे, आता रॉकेल आणायचं कुठनं, साबणपाणीपण चालतं, फक्त फेस चांगला पाहिजे नाहीतर काठावरून चढून येतात. लेकरांना हे काम फार आवडतं, रुपयाला दहा असा भाव ठरवला की बादली भरते.

एकट्यानं करून अर्धाच फायदा होतो कारण भुंगेरा काय तुमचं कंपाउंड बघून येत नाही. गल्लीतल्या चार घरांनी मिळून केलं तर फरक दिसतो. आमच्या लेनमधे एका काकांना पहिल्यांदा हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे माझ्याकडं लॉनच नाही, मी कशाला हलवू झाड?" म्हटलं काका, झाड तुमचं आहे आणि भुंगे आमचे, तुम्ही नुसता चहा करा. तेव्हापासून ताडपत्री त्यांचीच असते.

झाड हलवणं शक्य नसेल तर दिव्याचा सापळा. पसरट घमेल्यात साबणपाणी भरा, वर वीत-दीड वीत उंचीवर बल्ब टांगा, संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ लावा आणि बंद करा, रात्रभर चालू ठेवला की कामाचे किडेपण मरतात. सापळा लॉनच्या मधोमध ठेवू नका, लांब कोपऱ्यात ठेवा, नाहीतर सगळ्या कॉलनीचे भुंगे आमंत्रण देऊन तुमच्याच गवतात उतरवाल. त्या दिवसात पोर्चचा आणि बागेचा पांढरा झगझगीत दिवा तेवढे दोन तास बंद ठेवा.

कडुनिंबावर निंबोळी अर्क फवारायचा सल्लाही फिरतो. कडुनिंबाचाच पाला आवडीनं खाणाऱ्या किड्यासाठी त्यावर मी तरी वेळ घालवणार नाही.

जुलै-ऑगस्ट: बुरशी आणि सूत्रकृमी

आता जमिनीत बारीक अळ्या आहेत, माती ओली आहे, आभाळ भरलेलं आहे. जैविक उपायाला याच्यापेक्षा चांगला मुहूर्त आपल्या मराठवाड्यात नाही, कारण बाकी वर्षभर इथं कोरडंठाक आणि ऊन.

मेटारायझियम ॲनिसोप्ली ही बुरशी. शेतासाठी शिफारस हेक्टरी १० किलोची असते, म्हणजे चौरस मीटरला १ ग्रॅम, ५०० फुटाच्या लॉनला हिशोबानं ४६-४७ ग्रॅम, आपण ५० ग्रॅम धरू. ही पावडर दोन-तीन घमेली चांगल्या कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळा, पाणी शिंपडून ओलसर करा, गोणपाट झाकून सावलीत काही दिवस ठेवा म्हणजे बुरशी वाढते, आणि मग संध्याकाळी लॉनवर फेकून दाताळ्यानं हलक्या हातानं खाली उतरवा, वरून झारीनं पाणी. लॉन आधी कापून घ्या आणि जमलं तर काट्यानं किंवा लोखंडी सळईनं जागोजागी भोकं पाडा, नाहीतर सगळं खत वरच्या पात्यातच अडकून बसतं. अळी लगेच मरत नाही, आठ-पंधरा दिवस जातात, आधी सुस्त होते, मरून कडक होते आणि अंगावर पांढरी, नंतर हिरवट बुरशी चढते. खणताना अशी हिरवी कडक अळी सापडली तर ती फेकू नका, तिथंच चुरगाळून मातीत टाका, तीच पुढचं काम करते.

घेताना पाकिटावरची तारीख बघा. ही जिवंत वस्तू आहे. पत्र्याच्या दुकानात उन्हात वर्षभर पडलेलं पाकीट म्हणजे नुसती भुकटी. आणि त्याच आठवड्यात लॉनवर कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक मारलं तर ही बुरशीपण त्यातच जाणार, हे उघड आहे तरी लोक करतात.

दुसरा प्रकार उपयोगी सूत्रकृमींचा, हेटेरोरॅब्डिटिस इंडिका नावानं मिळतो. हे डोळ्याला न दिसणारे कृमी मातीतल्या पाण्यातनं पोहत अळीपर्यंत जातात आणि तिच्या आत शिरून दोन-तीन दिवसात मारतात. ऊन लागलं की मरतात म्हणून ऊन उतरल्यावरच द्यायचे, आधी लॉन ओलं करायचं, दिल्यानंतर परत पाणी, आणि पुढचे आठ-दहा दिवस जमीन वाळू द्यायची नाही. झारीची चाळणी बारीक असेल तर काढून टाका. मात्रा पाकिटावर असेल तीच.

परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं, त्यांच्याकडं आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जैविक खतं-औषधांची चौकशी जरूर करा. शिवाय तुमची अळी डबीत घालून दाखवली तर ओळखूनपण देतात, आधी फोन करून कुठल्या विभागात जायचं ते विचारा.

रासायनिक औषधाचं काय

थायमेट आणा म्हणणारा एकतरी माणूस भेटतोच. थायमेट म्हणजे फोरेट, त्याच्यावर आपल्या देशात २०२० संपल्यापासून बंदी आहे आणि बरंच झालं, ते भयंकर विषारी होतं. कुणी जुना साठा काढून देत असेल तर हात लावू नका, त्या गवतावर तुमची नातवंडं खेळणार आहेत.

उसातल्या हुमणीसाठी फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड एकत्र असलेली पाण्यात विरघळणारी दाणेदार औषधं मिळतात. ती बारीक अळीवर चालतात, म्हणजे जुलै, फार तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा. ऑक्टोबरातल्या जाड अळीला त्यानं डुलकीपण येत नाही. उसाचा डोस बघून घरच्या लॉनचा डोस अंदाजपंचे ठरवू नका, लेबलवर जे लिहिलंय त्याच्याच आत राहायचं आणि लेबलवर लॉन नसेल तर कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्रवाल्यांना विचारल्याशिवाय टाकायचं नाही. फिप्रोनिल मधमाशीला, माशांना, कोंबड्यांना फार वाईट. बोअर किंवा पाण्याचा हौद लॉनच्या कडेलाच असेल तर मी तरी हा मार्ग विचारातच घेणार नाही.

टाकलंच तर हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, लॉनमधली फुलं आलेली तणं आधी कापणं, लेकरं आणि कुत्रं लेबलवर सांगितलेल्या वेळेपर्यंत लांब, आणि वापरलेलं औषध वहीत लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी तेच ते परत मारलं जाणार नाही. जैविक आणि रासायनिक एकाच वेळी टाकून डबल फायदा होईल असं समजू नका.

ऑक्टोबरात जाड अळ्या सापडल्यावर मग करायचं काय? हातानं वेचायच्या. खरंच. ५०० फुटात डाग असतात चार-पाच, गवत तसंही मेलेलं आहे, थर उचला, माती चाळा, अळ्या बादलीत. किंवा थर उलटा करून ठेवा आणि आपण बाजूला व्हा, सकाळी साळुंक्या आणि कावळे काम उरकतात.

होऊच नये म्हणून

शेणखत. माझ्या मते निम्मी हुमणी आपणच ट्रॅक्टरनं विकत आणतो. अर्धं कच्चं, गरम, वास मारणारं खत पावसाळ्याच्या तोंडावर लॉनवर टाकलं की भुंगेऱ्याला अंडी घालायला त्याच्याहून चांगली जागा नाही, वर त्यात आधीच्या अळ्या असतातच. खत एप्रिल-मेमधे आणा, गच्चीवर किंवा फरशीवर पातळ पसरून कडक उन्हात ठेवा, दोनदा वरखाली करा, पक्ष्यांना वेचू द्या, मग चाळून वापरा. काळं, भुरभुरीत, मातीचा वास येणारं खत तेवढंच लॉनवर जायला पाहिजे.

पाणी. भुंगेरा अंडी घालायला ओल शोधतो, बाकी सगळीकडं जमीन कोरडी आणि तुमचं एकट्याचं लॉन रोज संध्याकाळी भिजवलेलं असलं की तो सरळ तिथंच येतो. म्हणून मिरगाच्या आसपास, पाऊस चालू झाल्यावर, पाईप गुंडाळून ठेवा. गवत दोन दिवस मरगळलं तरी मरत नाही. बाकीच्या दिवसात रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातनं एक-दोनदा पण खोल मुरेल असं द्या, मुळं खाली जातात आणि मग चार अळ्यांनी खाल्लं तरी गवत तग धरतं. हिशोब असा आहे की १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, आठवड्याला २५ मिलिमीटर धरलं तर ५०० फुटाला साधारण साडेअकराशे लिटर, म्हणजे हजाराच्या टाकीहून जास्त. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे आपण पाहिलंय, तेव्हा एवढं पाणी परवडत नसेल तर लॉन लहान करा, अर्ध्या जागेत मुरूम टाकून कुंड्या ठेवा, हा सल्ला कुणाला आवडत नाही पण मी देतो. आंघोळीचं पाणी वळवता आलं तर उत्तम, फक्त साबण-सोडा फार नको.

कापणी करताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, उन्हाळ्यात मशीनचं पातं थोडं वर ठेवा. गवताच्या बुडाशी वाळक्या काड्यांचा थर अर्ध्या इंचाहून जाड झाला की पावसाळ्याच्या सुरुवातीला दाताळ्यानं खरवडून काढा, याच थरात रस ओढणारे किडे लपतात आणि औषधपण खाली जात नाही. युरिया चौरस मीटरला १० ग्रॅमहून जास्त एका वेळी नको, आणि पिवळ्या डागावर तर अजिबात नको, ज्याला मूळच नाही ते खत घेणार कशानं.

काळ्या मातीवर थेट लावलेलं लॉन असेल तर उन्हाळ्यात भेगा पडतात त्या चाळलेल्या माती-खतानं बुजवून घ्या, मुळं उघडी पडून वाळतात ती भेगांमुळंच.

गेलेल्या जागा परत भरताना

आधी अळ्या संपल्यात का ते खणून खात्री करा, नाहीतर नवीन गवत म्हणजे त्यांना नवीन पंगत. मेलेला थर काढून टाका, माती चार बोटं उकरा, खडे आणि राडारोडा निघाला तर काढा, चाळलेली लाल माती आणि कुजलेलं खत मिसळून आजूबाजूच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर भरा कारण पाण्यानं ती बसते. लॉनच्याच चांगल्या भागातनं हरळीचे मुळासकट झुबके काढून चार-चार बोटांवर लावा आणि फळीनं दाबा. विकतचा लॉनचा तुकडा आणणार असाल तर नर्सरीतच तो उलटा करून खालची माती बघून घ्या, नर्सरीवाल्याला राग आला तर येऊ द्या. दसरा-दिवाळीच्या मधे लावलं तर थंडी पडायच्या आत धरतं, त्याच्या पुढं गेलात तर सरळ फेब्रुवारी संपेपर्यंत थांबा. नवीन जागेला पहिले पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी, तिथं मात्र खोल पाण्याचा नियम लावू नका, मुळं अजून वरच असतात, आणि महिनाभर त्यावर खुर्च्या टाकून बसू नका.